घेतानी डोये झाकले होते काय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या पोरानं पुण्या-मुंबईच्या मालकाकडून जुनी स्पोर्ट्स कार आणली आणि महिन्याभरात ती राजूरच्या घाटात गिअर अडकून उभी राहिली, की गावात खटला लगेच उभा राहतो. निकालही लगेच लागतो. ‘घेतानी डोये झाकले होते काय?’ हा उलटतपास आणि ‘हौस होती नं, मंग भोग आता’ ही शिक्षा. टपरीवरचा पेन्शनर, गॅरेजमधला मिस्त्री, ज्याच्याकडे पोरगा सल्ला मागायला जातो तो वकील आणि तक्रार लिहून घ्यायला नाखूश असलेला ठाणे अंमलदार, सगळ्यांचं एकमत. या खटल्यात गाडी विकणाऱ्याचं नाव मात्र कुठेच येत नाही. त्यानं काय सांगितलं, काय दडवलं, मीटरवरचा कोणता आकडा दाखवून किती लाख मोजून घेतले, हे कुणी विचारत नाही.

मला या निकालाविरुद्ध अपील करायचं आहे. जुनी गाडी घेणारा धोका पत्करतो, हे मान्य. गिअरबॉक्स उद्या जाईल, टर्बो परवा जाईल, हा धोका त्यानं पैसे मोजतानाच उचललेला असतो. विकणारा तोंडावर खोटं बोलेल, हा धोका मात्र त्यानं उचललेला नसतो आणि तो त्याच्या माथी मारण्याचा अधिकार गावाला कुणी दिलेला नाही.

शहाण्या मंडळींचा आवडता दाखला बैलाचा. ‘बैल घेताना दात पाहतो ना आपण? मंग गाडी का नाही पाहिली?’ ठीक आहे, बैलबाजारातच जाऊ. तिथे घेणारा दात पाहतो, चालवून पाहतो, जमलं तर जुंपूनही पाहतो. पण एवढं करून तो थांबत नाही. बैल मारका आहे का, औताला बसतो का, हे तो विकणाऱ्याला तोंडानं विचारतो, आणि उत्तर देणाऱ्याला पुढच्या बाजाराला त्याच मैदानात यायचं असतं. मधला दलाल दोघांना ओळखतो. खोड लपवून बैल विकला तर बाजारात नाव जातं, मग त्याच्या दावणीचा बैल कुणी हात लावून पाहत नाही. मोबाइलवरची जाहिरात पाहून, एकदा भेटून, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चावी हातात देणाऱ्या माणसाला असला कोणताच बाजार नसतो. पैसे खात्यात पडले की त्याचा नंबर लागत नाही. तेव्हा बैलाचा दाखला देणाऱ्यांनी तो पूर्ण द्यावा. त्या बाजारात डोळे घेणाऱ्याचे असतात आणि जबान विकणाऱ्याची.

शिवाय बैलाचे दात लॅपटॉप लावून बदलता येत नाहीत. आजच्या गाडीचं मीटर येतं. डिजिटल मीटरवरचे ९० हजार किलोमीटर ४० हजारांवर आणायला जाणत्या हाताला फार वेळ लागत नाही. जोरात ठोकलेल्या गाडीच्या फुटलेल्या एअरबॅगा बदलायला लाखांचा खर्च असतो, म्हणून त्या जागी नुसतं झाकण बसवतात आणि डॅशबोर्डवरचा इशारा-दिवा पेटू नये म्हणून वायरमध्ये एक छोटासा रेझिस्टर घालतात. दिवा विझतो आणि गाडी ‘ओके’ दाखवते. स्पोर्ट्स कारमध्ये तर आणखी एक युक्ती असते. मालक इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेतो, दोन वर्षं गाडी पिळून काढतो आणि विकायच्या आठवड्यात सॉफ्टवेअर पुन्हा कंपनीचं मूळ टाकतो. कागदावर गाडी जशी शोरूममधून आली तशी. टर्बोनं आणि क्लचनं काय सोसलं हे बॉनेट उघडून दिसत नाही. ड्युअल क्लचचा गिअरबॉक्स सपाट रस्त्यावरच्या दहा मिनिटांच्या चक्करमध्ये लोण्यासारखा चालतो. बुलढाण्याहून मोताळ्याकडे घाट उतरून, मलकापूरच्या ४४ अंशांच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये उभं राहून, पुन्हा घाट चढायला लागलं की तो आपलं खरं वय सांगतो. ही चाचणी पुण्यातल्या पार्किंगमध्ये कशी घ्यायची, हे टपरीवरच्यांनी सांगावं.

‘निदान चेसिस नंबर तरी मिळवून पाह्यचा होता’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक घडलेली गोष्ट. डीसी अवंती ही भारतीय बनावटीची स्पोर्ट्स कार. तिचे आरेखनकार दिलीप छाब्रिया यांना मुंबई गुन्हे शाखेनं डिसेंबर २०२० मध्ये अटक केली. एकाच इंजिन आणि चेसिस क्रमांकावर वेगवेगळ्या राज्यांत नोंदण्या झाल्या आणि गाड्यांवर एकाहून जास्त कर्जं उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे. त्या तपासातले अधिकारी सचिन वाझे पुढच्याच मार्चमध्ये दुसऱ्या प्रकरणात स्वतः अटकेत गेले, त्यामुळे पोलिसांच्या शब्दावर कितपत विसंबायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला दाखवायचंय ते एवढंच, की असं घडू शकतं असं खुद्द पोलीस म्हणत असतील, तर चेसिसवरचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळला म्हणून चिखलीच्या पोरानं समाधान मानलं, यात त्याचा मूर्खपणा कुठे आला?

आता कायद्याकडे. ‘कायद्यातही घेणाऱ्यानंच सावध राहायचं असतं’ हे वाक्य ऐकून ऐकून लोकांना पाठ झालंय, पण कायदा तिथे थांबत नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा काढून पाहा. कलम १७ मध्ये लबाडी कशाला म्हणायचं हे सांगताना उदाहरणं दिली आहेत आणि त्यातली बरीच घोड्याची आहेत. त्या काळचं वेगाचं वाहन तेच. एकानं सदोष घोडा लिलावात विकला, दोष त्याला ठाऊक होता, पण तो काही बोलला नाही. ही लबाडी नाही, असं कायदा म्हणतो. इथवर पेन्शनर काका जिंकले. त्याच कलमातलं पुढचं उदाहरण असं: घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालतो.’ विकणारा गप्प बसतो. आता ते गप्प बसणं म्हणजे बोलल्यासारखंच. आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं, म्हणजे मीटर फिरवणं किंवा दिवा विझवणं, हे तर त्या कलमानं थेट लबाडीतच मोजलं आहे.

याहून महत्त्वाचं कलम १९. लबाडीनं संमती मिळवली असेल तर फसलेल्याला करार रद्द करता येतो. त्याला एक अपवाद आहे आणि सगळा गाव नकळत त्याच अपवादाच्या जिवावर बोलत असतो: साध्या दक्षतेनं खरं काय ते कळू शकत होतं, तर करार रद्द करता येत नाही. पण हा अपवाद कुणासाठी आहे? चुकून, प्रामाणिकपणे चुकीचं सांगणाऱ्यासाठी आणि लबाडीनं गप्प बसणाऱ्यासाठी. धडधडीत खोटं सांगणाऱ्याला, हातानं पुरावा पुसणाऱ्याला तो मिळत नाही. म्हणजे ‘डोये झाकले होते काय?’ हा प्रश्न विचारायचा हक्क मीटर फिरवणाऱ्याला कायद्यानंच नाकारलेला आहे. जो बचाव आरोपीला कोर्टात मिळत नाही, तो आपण टपरीवर त्याला फुकट देतो.

तिकडच्या बाजूचं जे खरं आहे, ते नाकारायची मला गरज नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात गुणवत्तेची हमी विकणाऱ्यावर सहसा नसते. ज्याचा धंदाच त्या मालाचा आहे त्याला ती चिकटते, घरची गाडी विकणाऱ्याला नाही. ग्राहक आयोगाचं दारही अशा सौद्यात उघडत नाही, कारण घरगुती विक्रेता व्यापारी ठरत नाही. म्हणून ज्यानं खरं सांगून गाडी विकली, त्याच्या दारात ‘आठ दिवसांत क्लच गेला, निम्मे पैसे द्या’ म्हणून उभं राहणाऱ्या घेणाऱ्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. असे लोक आहेत आणि तेही कमी नाहीत. दोनशे अश्वशक्तीची गाडी अल्टोच्या देखभालीत चालेल, असं मानणाऱ्याला कुणीच वाचवू शकत नाही.

पण ‘जशी आहे तशी’ हे तीन शब्द बॉण्डवर लिहून घेतले की विकणारा सगळ्यातून सुटला, हा भ्रम मोडलाच पाहिजे. त्या शब्दांनी फार तर गुणवत्तेची तक्रार बंद होईल. वर्णन करून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असली पाहिजे, ही कलम १५ ची अट घरगुती विक्रेत्यालाही लागू आहे. ‘एकच मालक, अपघात नाही, चाळीस हजार चाललेली’ हे वर्णनच आहे. गाडीवर न सांगितलेला कुणाचा बोजा नाही, ही कलम १४ मधली हमीही त्याच्यावर आहे. बँकेचा हप्ता थकवून, बोजा न उतरवता गाडी विकणारा माणूस ‘जशी आहे तशी’च्या आड लपू शकत नाही. दाव्याची मुदत तीन वर्षांची, आणि लबाडी असेल तर ती कळल्यापासून मोजतात. एवढं मात्र करावं: लबाडी कळल्यावर गाडी फिरवणं थांबवावं आणि लेखी नोटीस द्यावी. कळूनही सहा महिने समृद्धी महामार्गावर ती पळवत राहिलात, तर सौदा तुम्हीच मान्य केला असं समोरचा वकील म्हणेल, आणि त्यात तथ्य असेल.

ठाण्यातला ‘हा दिवाणी मामला आहे’ हा शेराही तपासून घ्यायला हवा. ठरलेलं पाळलं नाही, एवढ्यानं फसवणुकीचा गुन्हा होत नाही हे खरंच. त्यासाठी सुरुवातीपासून फसवायचा हेतू लागतो. पण जाहिरात द्यायच्या आधी मीटर मागे घेणाऱ्याचा हेतू सुरुवातीपासून नव्हता, तर कधी होता? पूर्वीचं कलम ४२० आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये गेलं आहे, रद्द झालेलं नाही.

बॉण्डचा विषय निघालाच आहे तर तो नीट काढू, कारण आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त लोक इथेच बुडतात. इसार दिला, नोटरीकडे ताबा पावती केली, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की गाडी आपली, अशी समजूत घट्ट बसली आहे. पूर्वी हे शंभराच्या मुद्रांकावर व्हायचं, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यानं किमान पाचशे केले. समजूत तेवढी महाग झाली. गाडी आरसीवर ज्याच्या नावावर, मालक तो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. प्रत्यक्षात विकणारा २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ‘सेट’ देतो आणि मोकळा होतो. तो सेट घेऊन गाडी तीन हात फिरते.

या शहाणपणाचा शेवट पाहायचा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल वाचावा. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, आरसी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. २००९ मध्ये अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयानं नोंदणीकृत मालकावर टाकली. ज्यानं गाडी दोन वर्षांपूर्वी विकून टाकली होती, त्याच्यावर. ‘मी विकली, माझा संबंध संपला’ म्हणणाऱ्या हुशार विक्रेत्यांनी हा निकाल देवघरात लावावा. घेणाऱ्याचं दुखणं वेगळं. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कंपनीला कळवून नावावर करून घेतल्याशिवाय त्याच्या कामाचा नसतो. पहिल्याच पंधरवड्यात गाडी दुभाजकाला लागली, तर बॉण्ड घेऊन विमा कंपनीत जाणाऱ्याला हात हलवत परत यावं लागतं.

कोऱ्या सह्यांचा सेट ज्याच्या बॅगेत आहे, तो बहुतेक वेळा मालक नसतोच. ‘मामाची गाडी आहे, मामा दुबईला’ असं सांगणारा हा घरगुती विक्रेता वर्षाला वीस गाड्या विकतो. धंदा व्यापाऱ्याचा आणि जबाबदारी कुटुंबवत्सल गृहस्थाची, अशी त्याची सोय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून अधिकृत होण्याचे नियम आले आहेत आणि विक्रीसाठी ताब्यात घेतलेल्या गाडीचा तो व्यापारी मालक मानला जातो. मामाचा भाचा या नियमाबाहेर राहण्यासाठीच भाचा झालेला असतो. आपला वाद खरं तर त्याच्याशी आहे. तो व्यापारी आहे हे सिद्ध करता आलं, तर ग्राहक आयोगाचं बंद दार पुन्हा उघडतं. म्हणून त्याच्या बाकीच्या जाहिरातींचे फोटो जपून ठेवावेत.

विकणाऱ्यांचा आणखी एक लाडका बचाव आहे, तो आपल्यालाच खिजवणारा. ‘गाडी आमच्याकडे मख्खन होती, तुमच्याकडच्या रस्त्यांनी तिची वाट लावली.’ रस्त्यांची वकिली मी करणार नाही. गतिरोधकावर स्पोर्ट्स कारचं पोट घासतं, खालचं कव्हर फाटतं, सस्पेन्शनची बुशं लवकर जातात. पण खड्ड्यानं फुटलेली एअरबॅग झाकणात बदलत नाही. जुन्या वेल्डिंगवर महिन्याभरात पाच वर्षांचा गंज चढत नाही. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ‘नवीन टायर टाकलेत’ म्हणून विकलेल्या गाडीवर हा आकडा निघाला, तर त्यात मेहकर तालुक्याच्या रस्त्याचा काय दोष? आणि ही बाब हसण्यावारी न्यायची नाही. समृद्धीवर गाड्यांसाठी ताशी १२० ची मर्यादा आहे. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजाच्या पट्ट्यात सलग त्या वेगानं गाडी चालते. तापलेल्या काँक्रिटवर म्हातारा टायर फुटतो, तेव्हा फसवणूक पैशांची राहत नाही.

आता ‘हौसे’कडे येतो, कारण मुळातला राग तिथे आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच वेळी दीडशे मर्सिडीझ विकत घेतल्या गेल्या, सुमारे ६५ कोटींच्या. वर्तमानपत्रांनी त्याचा सोहळा केला, मराठवाड्याचं कौतुक झालं. तिथून दीडशे किलोमीटरवरच्या पोरानं सोयाबीनचे, दुकानाचे किंवा पुण्यातल्या नोकरीचे पैसे साठवून दहा वर्षं जुनी टू-सीटर घेतली, की ती माजाची खूण होते. नव्या कोऱ्या गाडीची हौस प्रतिष्ठेची आणि जुन्या गाडीची हौस शिक्षेस पात्र? हौस चुकीची वाटत असेल तर तसं म्हणा; तो स्वतंत्र वाद आहे. पण खिसा कापला गेलेल्याला ‘एवढे पैसे घेऊन फिरायला कुणी सांगितलं होतं?’ असं विचारणाऱ्यानं निदान खिसेकापूची बाजू घेतोय हे कबूल करावं. या थट्टेचा परिणाम असा, की फसलेला पोरगा तक्रारच करत नाही. लाज वाटते म्हणून तो गाडी गुपचूप दुसऱ्याला विकतो, बहुतेकदा तेच खोटं सांगून. गावानं एका फसलेल्याला गप्प बसवलं आणि एक नवा फसवणारा तयार केला.

जगात हे सगळं नशिबावर सोडलेलं नाही. अमेरिकेनं मीटर फिरवणं १९७२ मध्ये केंद्रीय कायद्यानं बेकायदा ठरवलं, आणि तिथे गाडी नावावर करताना मीटरचा आकडा लिहून सही करावी लागते. बेल्जियममध्ये २००६ पासून ‘कार-पास’ नावाचा कागद आहे. गॅरेजमध्ये गाडी गेली की मीटरचा आकडा एका ठिकाणी नोंदला जातो आणि जुनी गाडी विकणाऱ्याला तो इतिहास घेणाऱ्याच्या हातात द्यावाच लागतो. घरगुती विक्रेताही त्यातून सुटत नाही.

आपल्याकडे असा कागद नाही. तोवर हाताशी असलेली साधनं वापरा. विम्याची गेल्या तीन-चार वर्षांची पॉलिसी मागा. त्यात नो क्लेम बोनसचा टक्का छापलेला असतो. सलग पाच वर्षं क्लेम न घेणाऱ्याचा तो ५० वर जातो, क्लेम घेतला की शून्यावर येतो. ‘खरचटलंसुद्धा नाही’ म्हणणाऱ्याचा टक्का मधल्या एका वर्षात शून्य झालेला दिसला, की पुढचं बोलणं तो करेल. परिवहनच्या संकेतस्थळावर बोजा आणि थकलेली ई-चलनं पाहा. आणि इसार देण्याआधी विकणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: मीटर खरं आहे, मोठा अपघात नाही, एअरबॅगा मूळच्या आहेत, कर्ज फिटलेलं आहे, यातलं काही चूक असेल तर आत्ता सांगा, नाहीतर हे बरोबर आहे असं धरून मी पैसे देतोय. हा दीडशे वर्षांपूर्वीचा घोड्याचा दाखला आहे. आता त्याचं गप्प बसणंही तुमच्या बाजूचा पुरावा होतं.

फॉर्म २९ मध्ये विकणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे, चेसिस नंबर आहे, इंजिन नंबर आहे. मीटरच्या आकड्याला जागा नाही, अपघाताच्या जाहीरनाम्याला जागा नाही. ते दोन रकाने वाढवून मिळवायला नवा कायदा लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्तीची एक अधिसूचना पुरते. रस्ते वाहतूक खातं २०१४ पासून नागपूरच्या नितीन गडकरींकडे आहे. विदर्भातल्या लोकांनी विदर्भातल्या मंत्र्याकडे करायची ही मागणी आहे, आणि बुलढाण्याच्या लोकप्रतिनिधींनी ती लेखी करावी.